वीज दिल्यापासून विंडोज येईपर्यंत: फर्मवेअरमधून पडद्यावर मराठी पाटी रंगवण्याची पूर्ण कृती

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीपासून वीसेक फुटांवर एक छोटा औद्योगिक पीसी बसवलेला आहे. हीट नंबर, धातूचं तापमान, कोणत्या लॅडलमध्ये किती माल गेला, हे सगळं त्यावर नोंदवलं जातं. वीज जाऊन परत आली की पडदा सुमारे चाळीस सेकंद काळा राहायचा. भट्टी पेटलेली असताना चाळीस सेकंद फार मोठे असतात. रात्रपाळीचे आबा दहा-बारा सेकंद वाट बघायचे आणि मशीन मेलं असं समजून बटण बंद करून पुन्हा चालू करायचे. दोनदा डिस्कवरची फाइल सिस्टिम बिघडली. मी दुरुस्तीला गेलो तेव्हा पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या होत्या. आबांनी विचारलं, “सायेब, ह्ये काय म्हणालंय?”

चूक आबांची नव्हती. त्यांच्याशी कुणी त्यांच्या भाषेत बोललंच नव्हतं. विंडोज उठायच्या आधी पडद्यावर मराठीत “थांबा, वीज बंद करू नका” एवढं दिसलं असतं तरी काम झालं असतं. ते कसं करायचं ते खाली पायरीपायरीनं लिहितो. सी भाषा येत असेल आणि लिनक्सचं टर्मिनल वापरायची सवय असेल, तर दोन सुट्ट्यांच्या दिवसांत होण्यासारखं काम आहे.

एक सूचना आधीच. फंक्शनची आणि फाइलींची नावं मी इथं बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. संगणकात ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. हेडर फाइल उघडलीत की कोणतं नाव कशाचं, ते लगेच जुळेल.

## पडदा कुणाच्या ताब्यात असतो

वीज दिल्यावर विंडोजच्या आधी चालतो तो चिपमधला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. जुन्या मशीनमध्ये ते बायोस होतं. त्या बायोसच्या काळात चित्र काढायचं तर इंटरप्ट १० हेक्सला हाक मारावी लागे. सगळ्यांचा आवडता मोड १३ हेक्स: ३२० × २०० ठिपके, २५६ रंग, एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे अख्खा पडदा ६४,००० बाइटांत. पुढं व्हेसाच्या मानकानं मोठे मोड दिले. पण हे सगळं १६ बिटांच्या जगातलं होतं, आणि आजच्या मशीनवर तो रस्ता बहुतेक बंद झाला आहे.

आता बायोसच्या जागी यूईएफआय हे नव्या पद्धतीचं फर्मवेअर आहे. २००६ मध्ये आलेल्या यूईएफआय २.० पासून चित्रासाठी ‘ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल’ मिळतो (प्रोटोकॉल म्हणजे फर्मवेअरनं देऊ केलेला फंक्शनांचा संच). त्याला सगळे जीओपी म्हणतात. ग्राफिक्स कार्डाचा किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा छोटा ड्रायव्हर फर्मवेअरमध्येच असतो आणि तो हा प्रोटोकॉल पुरवतो. त्यात तीन फंक्शन आहेत: क्वेरीमोड (कोणते मोड आहेत ते सांगणारं), सेटमोड (मोड बदलणारं) आणि ब्लिट (आयताकृती तुकडा हलवणारं). चौथी गोष्ट म्हणजे ‘मोड’ नावाचा पॉइंटर. चालू मोडची माहिती आणि फ्रेमबफरचा पत्ता त्याच्यापाशी असतो. फ्रेमबफर म्हणजे पडद्यावर जे दिसतं ती मेमरी. तिथं आकडा लिहिला की ठिपका उजळतो.

एवढ्या चार गोष्टींवर सगळं काम होतं.

## तयारी

उबुंटूवर बिल्ड-एसेन्शियल, गिट, पायथन ३, नॅझम, यूयूआयडी-डेव्ह, अ‍ॅसपिका-टूल्स, क्यूएमू आणि ओव्हीएमएफ ही पॅकेजं घ्या. ओव्हीएमएफ म्हणजे क्यूएमूच्या आभासी मशीनसाठी तयार केलेलं खरंखुरं यूईएफआय फर्मवेअर. त्यामुळं टेबलावरच्या एकाच संगणकावर हजार वेळा ‘बूट’ करून बघता येतं.

मग टियानोकोअर प्रकल्पाचा ईडीके-टू हा यूईएफआयचे प्रोग्राम बांधायचा संच गिटनं उतरवा. सबमॉड्यूल आणायला विसरू नका, नाहीतर बिल्ड मधेच हरवलेल्या फाइलींची तक्रार करत थांबतं. आधी बेसटूल्स बांधायचे, मग ईडीकेसेटअपची शेल फाइल ‘सोर्स’ करायची.

कोऱ्या पानापासून सुरुवात करू नका. एमडीई-मॉड्यूल पॅकेजमध्ये अ‍ॅप्लिकेशन फोल्डरात ‘हॅलोवर्ल्ड’ आहे, त्याची प्रत करा आणि नाव ‘पाटी’ ठेवा. मॉड्यूलची माहिती देणाऱ्या आयएनएफ फाइलमध्ये हे बदल करायचे:

नाव आणि फाइल-जीयूआयडी बदला (जीयूआयडी म्हणजे ओळख पटवणारा लांब, एकमेव आकडा; यूयूआयडीजेन नवा आकडा देतं, जुनाच ठेवलात तर हॅलोवर्ल्डशी टक्कर होते). मॉड्यूलचा प्रकार यूईएफआय अ‍ॅप्लिकेशनच राहू द्या. हॅलोवर्ल्डच्या पीसीडीच्या आणि मदत-मजकुराच्या ओळी काढून टाका. लायब्ररीत अ‍ॅप्लिकेशन-एंट्रीपॉइंट, यूईएफआय-लिब, बूटसर्व्हिसेस-टेबल, मेमरी-अ‍ॅलोकेशन आणि बेसमेमरी एवढ्या हव्यात. प्रोटोकॉलच्या यादीत जीओपीचा जीयूआयडी लिहा. शेवटी पॅकेजच्या डीएससी फाइलमधल्या कंपोनंट्सच्या यादीत आपल्या आयएनएफची एक ओळ जोडा.

बिल्डला आर्किटेक्चर एक्स६४, टूलचेन जीसीसी आणि आपल्या मॉड्यूलचा मार्ग दिला की बिल्ड फोल्डरात ‘पाटी डॉट ईएफआय’ तयार होते.

चालवण्यासाठी एक फोल्डर करा, त्यात ‘ईएफआय’, त्याच्या आत ‘बूट’, आणि त्यात आपली फाइल ‘बूटएक्स६४ डॉट ईएफआय’ या नावानं ठेवा. दुसरं काही नेमून दिलेलं नसेल तर फर्मवेअर याच ठिकाणी बघतं. क्यूएमूला ड्राइव्ह देताना फॉरमॅट ‘रॉ’ ठेवा आणि फाइलच्या जागी ‘फॅट’, कोलन, ‘आरडब्ल्यू’, कोलन आणि पुढं फोल्डरचं नाव लिहा. क्यूएमू तेवढ्या फोल्डरालाच फॅट डिस्क म्हणून दाखवतं, इमेज बनवायचा खटाटोप वाचतो. नेटवर्क बंद ठेवा, म्हणजे नेटवरून बूट करायच्या प्रयत्नात वेळ जात नाही.

## आधी विचारा, मग रंगवा

पहिल्या प्रोग्रामनं काहीच रंगवायचं नाही, फक्त माहिती छापायची. मी शिकवतो त्या मुलांना ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि पुढं जे अडकतात ते नेमके हीच गाळलेले असतात.

लोकेट-प्रोटोकॉल या बूट सर्व्हिसला (बूट होईपर्यंत फर्मवेअर पुरवतं अशा फंक्शनला) जीओपीचा जीयूआयडी द्या. ‘सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर दोन शक्यता: सेटिंगमध्ये सीएसएम म्हणजे जुन्या बायोसची सोय चालू आहे, किंवा कार्ड इतकं जुनं आहे की त्यात जीओपीचा ड्रायव्हरच नाही. सीएसएम बंद करून पुन्हा बघा. मशीनमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर पहिला सापडलेला जीओपी भलत्याच पोर्टचा निघू शकतो. म्हणून मी आधी कन्सोल-आउट हँडलवर (हँडल म्हणजे फर्मवेअरनं एखाद्या उपकरणाला दिलेली खूण) हँडल-प्रोटोकॉल करून बघतो, आणि तिथं नाही मिळालं तरच लोकेटकडं वळतो. मजकूर ज्या पडद्यावर येतो, चित्रही त्याच पडद्यावर यावं, हा त्यामागचा विचार.

मग शून्यापासून मॅक्समोडच्या एक अलीकडपर्यंत क्वेरीमोड फिरवा आणि प्रत्येक मोडचे चार आकडे छापा: रुंदी, उंची, पिक्सेल फॉरमॅट आणि ‘पिक्सेल्स पर स्कॅनलाइन’. क्वेरीमोड माहितीसाठी मेमरी स्वतः घेतं, ती परत करायची जबाबदारी आपली. एखादं जुनं फर्मवेअर ‘अजून सुरू नाही’ असं उत्तर देतं. तिथं आधी सेटमोडला एकदा हाक मारली की ते जागं होतं.

मोड बदलायचा का? माझं मत: गरज नसेल तर नको. फर्मवेअर बहुतेक वेळा पॅनेलचा मूळ मोडच निवडतं. सेटमोडनं पडदा काळा होतो, काही मॉनिटर सेकंद-दोन सेकंद निळे पडतात, आणि आपल्याला नेमका तोच काळोख टाळायचा आहे. बदललात तर एक लक्षात ठेवा: फ्रेमबफरचा पत्ता आणि सगळे आकडे नव्यानं वाचायचे. आधीच्या व्हेरिएबलमधला पत्ता शिळा झालेला असतो.

## पहिला रंग

ब्लिटचे चार प्रकार आहेत. पडद्याचा भाग एका रंगानं भरणं, पडद्यावरून आपल्या मेमरीत आणणं, मेमरीतून पडद्यावर नेणं, आणि पडद्यावरच एका जागेवरून दुसरीकडं सरकवणं. सुरुवात भरण्यापासून करा. एकाच पिक्सेलची रचना द्यायची, वरचा डावा कोपरा शून्य-शून्य, रुंदी आणि उंची पडद्याइतकी. अख्खा पडदा रंगतो.

कोणता रंग घ्यायचा? पांढरा किंवा हिरवा घेऊन तपासणी होत नाही, कारण लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली तरी पांढरा पांढराच आणि हिरवा हिरवाच दिसतो. मी गुलाल घेतो. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला जो गुलाबी रंग सगळ्या पायऱ्यांवर, कपड्यांवर, केसांवर बसतो, तो कोल्हापुरातलं लहान मूलही ओळखेल. लाल २३३, हिरवा ३०, निळा ९९. पडद्यावर जांभळा-निळा आला की लाल आणि निळा उलटलेत हे विचार न करता कळतं.

ब्लिटच्या बफरमध्ये बाइटांचा क्रम ठरलेला आहे: निळा, हिरवा, लाल, आणि चौथा राखीव. पडद्याचा स्वतःचा फॉरमॅट काहीही असो, ब्लिट रूपांतर करून देतं. फ्रेमबफरवर थेट लिहायचं म्हटलं की ती जबाबदारी आपल्याकडं येते. फॉरमॅट ० असेल तर बाइट लाल-हिरवा-निळा, १ असेल तर निळा-हिरवा-लाल. २ असेल तर प्रत्येक रंगाचा मास्क वाचून तो किती बिट सरकवायचा ते काढावं लागतं. ३ म्हणजे ‘फक्त ब्लिट’: तिथं थेट लिहायला फ्रेमबफर नाहीच, पत्ता वापरू नका.

## तिरपं झालेलं चित्र

इथं जरा थांबतो, कारण या एका आकड्यानं माझे दोन दिवस घेतले.

थेट लिहिताना ठिपक्याचा पत्ता काढायचं सूत्र सोपं वाटतं: ओळीचा क्रमांक गुणिले रुंदी, अधिक स्तंभ, सगळं गुणिले चार. क्यूएमूवर ते बिनचूक चाललं. फाउंड्रीतल्या १३६६ × ७६८ च्या पॅनेलवर चित्र असं तिरपं झालं की जणू कुणी कागदाचे कोपरे धरून ओढले आहेत.

कारण असं की ग्राफिक्सच्या हार्डवेअरला प्रत्येक ओळ ठरावीक पटीच्या पत्त्यावर सुरू व्हायला हवी असते. १३६६ ठिपक्यांचे होतात ५,४६४ बाइट. त्याला ६४ नं पूर्ण भाग जात नाही. म्हणून ओळ ५,५०४ बाइटांची धरली जाते, म्हणजे १,३७६ ठिपके. शेवटचे १० ठिपके मेमरीत आहेत, पडद्यावर नाहीत. आपण १३६६ नं गुणत राहिलो तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० ठिपके डावीकडं सरकते. १३७ ओळी खाली येईपर्यंत चित्र जवळजवळ अख्ख्या पडद्याइतकं सरकलेलं असतं. क्यूएमूच्या साध्या व्हीजीएवर रुंदी आणि स्कॅनलाइन बहुधा सारखीच असते, म्हणून तिथं ही चूक लपून राहते.

बरोबर सूत्र:

पत्ता = फ्रेमबफरचा आधार + (ओळ × स्कॅनलाइनचे पिक्सेल + स्तंभ) × ४

आधार ६४ बिटांचा असतो, तो ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये कोंबू नका. पॉइंटर ‘व्होलटाइल’ ठेवा, नाहीतर कंपायलर “हे लिहिलेलं कुणी वाचत नाही” म्हणून काही लेखनं गाळू शकतो. लिहिण्याआधी स्तंभ रुंदीपेक्षा आणि ओळ उंचीपेक्षा कमी आहे ना, ते बघाच. फ्रेमबफरच्या पलीकडं काय आहे याचा भरवसा नसतो.

आणि फ्रेमबफर वाचू नका. लिहिणं झपाट्यानं होतं, वाचणं फार हळू असतं. आधीचा रंग माहीत हवा असेल तर तो आपल्याच मेमरीतल्या प्रतीतून घ्यावा.

## मराठी अक्षरं: खरी अडचण इथं आहे

फर्मवेअरच्या आउटपुट-स्ट्रिंगला “थांबा” द्या. मिळतील चौकटी, प्रश्नचिन्हं किंवा नुसती रिकामी जागा. फर्मवेअरच्या फॉन्टमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि चौकटी आखायच्या रेघा असतात, देवनागरी नसते. फॉन्ट भरायची सोय आहे, एका अक्षराला ८ × १९ किंवा १६ × १९ ची जाळी मिळते. पण देवनागरी जाळीत बसणारी लिपी नाही. ‘कि’ मधली वेलांटी मेमरीत क नंतर असते आणि दिसते आधी. ‘र्व’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे सगळं जुळवणारं इंजिन फर्मवेअरमध्ये घालणं शक्य आहे, पण चार वाक्यांसाठी एवढं ओझं कशाला?

त्यापेक्षा वाक्य आधीच आपल्या संगणकावर चित्र म्हणून काढून घ्यावं. लिनक्सवर पँगो-व्ह्यू नावाचं छोटं साधन आहे. त्याला फॉन्ट, मजकूर, पांढरी अक्षरं, काळी पार्श्वभूमी, भाषा ‘एमआर’ आणि अँटिएलियास (कडा मऊ करणं) ‘ग्रे’ असं सांगितलं की पीएनजी मिळते. भाषा सांगायला विसरू नका. काही फॉन्टांमध्ये तेवढ्यानं ल आणि श मराठी वळणाचे येतात. आपल्या शाळेच्या फळ्यावरचा ल आणि हिंदी पुस्तकातला ल यातला फरक भट्टीवरच्या माणसाला सांगता येणार नाही, पण वाचताना डोळा अडखळतो. ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि ‘मुक्त’ हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि लांबून नीट वाचता येतात.

पायथनच्या पिलो लायब्ररीनंही हे करता येतं, मात्र त्यात राक्म हा लेआउट चालू असायला हवा. साध्या लेआउटमध्ये वेलांट्या चुकीच्या जागी पडतात. कोणतंही साधन वापरा, आधी ही ओळ काढून बघा: “किल्ली, सर्वांनी, सुऱ्या, दऱ्या, क्षेत्र, श्री”. ‘ऱ्या’ नीट आला की पुढं चला. बऱ्याच ठिकाणी सगळं जमतं आणि नेमका मराठीचा हा ऱ्या फसतो.

उंची ठरवताना इंग्रजीच्या सवयीनं कापू नका. वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, यांना जागा लागते. आठ फुटांवरून वाचायच्या पाटीसाठी मी ९६ ठिपके उंचीची पट्टी घेतो, अक्षरांचं मुख्य अंग त्यातलं निम्मं.

मग इमेजमॅजिकनं पीएनजीचं ग्रे, ८ बिट, कच्च्या बाइटांत रूपांतर करा. ६०० × ९६ ची पट्टी ५७,६०० बाइट होते. हे बाइट एक्सएक्सडी साधनानं सी-अ‍ॅरे करून प्रोग्राममध्ये जोडा. लक्षात घ्या, आपण रंगीत चित्र साठवलेलं नाही, फक्त कोणत्या ठिपक्यावर शाई किती, ते ० ते २५५ मध्ये साठवलं आहे. रंग नंतर आपल्या मनासारखा:

नवा = (शाईचा रंग × प्रमाण + मागचा रंग × (२५५ − प्रमाण)) ÷ २५५

लाल, हिरवा, निळा, तिन्हींना हेच सूत्र स्वतंत्रपणे. दशांश लागत नाहीत, पूर्णांकात सगळं होतं. कडा मऊ येतात आणि अक्षर छापील दिसतं. पहिल्यांदा ओव्हीएमएफच्या काळ्या पडद्यावर “चांगभलं” उमटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरातल्यांना उठवून दाखवलं होतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवला, तिथं स्वतः केलेल्या चित्राचा असा आनंद होणं साहजिक आहे.

## हलणारी गोष्ट हवी, नाहीतर माणूस बटण दाबतो

नुसती स्थिर पाटी पुरत नाही. दहा सेकंद काही हललं नाही की मशीन अडकलं असंच वाटतं. म्हणून पाटीखाली काहीतरी पुढं सरकत राहायला हवं.

मी कल्पना घेतली ती किरणोत्सवाची. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि अंबाबाईच्या पायांपासून वर चढत चेहऱ्यापर्यंत जातात. पडद्याच्या तळापासून सोनेरी उजेड तसाच पट्टीपट्टीनं वर चढत जातो. आबांना हे सांगावंच लागलं नाही.

त्यासाठी दुसरा बफर लागतो. अ‍ॅलोकेट-पूलनं रुंदी × उंची × ४ बाइट घ्या, सगळं त्यात रंगवा, आणि मग बफरातून पडद्यावर या प्रकारच्या ब्लिटनं एकदम पाठवा. थेट पडद्यावर रंगवलं तर अर्धवट चित्र दिसून लुकलुकतं. पण दर वेळी अख्खा पडदा पाठवायची गरज नाही. ७६८ ओळींतली २४ ओळींची पट्टी बदलली असेल तर तेवढीच पाठवा: ४१,९६,३५२ बाइटांऐवजी १,३१,१३६, म्हणजे बत्तिसावा हिस्सा.

तुकडा पाठवताना ‘डेल्टा’ हा शेवटचा आकडा जपून द्या. तो आपल्या बफरातल्या एका पूर्ण ओळीची लांबी बाइटांत सांगतो. आपला बफर १३६६ रुंदीचा आहे, म्हणून डेल्टा १३६६ × ४ = ५,४६४. इथं १३७६ नाही! ती पडद्याच्या मेमरीची गोष्ट, ही आपल्या बफराची. डेल्टा शून्य दिला तर पाठवायच्या तुकड्याची रुंदी हीच बफराची रुंदी असं धरलं जातं. पूर्ण रुंदीच्या पट्टीला ते चालतं, मधल्या चौकोनाला चालत नाही आणि चित्र पुन्हा तिरपं होतं.

वेळेसाठी ‘स्टॉल’ हे सगळ्यात सोपं, त्याला मायक्रोसेकंद द्यायचे. नीट करायचं तर टायमरचा इव्हेंट बनवा. सेट-टायमरचं एकक १०० नॅनोसेकंद आहे, म्हणून सेकंदाला तीस चित्रांसाठी ३,३३,३३३ द्यावे लागतात. सुरुवातीलाच कन्सोलचा कर्सरही बंद करा, नाहीतर तो पाटीच्या कोपऱ्यात लुकलुकत बसतो.

## खऱ्या मशीनवर

पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यात तेच ‘ईएफआय’, ‘बूट’ फोल्डर ठेवा. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, नाहीतर सही नसलेली आपली फाइल चालणार नाही. कायमच्या वापरासाठी स्वतःची किल्ली बनवून फर्मवेअरमध्ये नोंदवावी आणि फाइलवर त्या किल्लीची सही करावी. त्यानंतर सिक्युअर बूट पुन्हा चालू करता येतं, आणि करावंच.

मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. सिक्युअर बूट बदललं किंवा बूटच्या साखळीत नवी फाइल आली की टीपीएम या सुरक्षा-चिपमधली मोजमापं बदलतात आणि विंडोज की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. ग्राहकाच्या मशीनला हात लावण्याआधी हे मी लेखी घेतो.

माझी दुसरी मोठी चूक याच पायरीवर झाली. टेबलावर यूईएफआय शेलमधून चालवताना पाटी तासभर दिसायची. तीच फाइल थेट बूट केली की पाच मिनिटांनी मशीन आपोआप रीसेट व्हायचं. भट्टीजवळच्या उष्णतेवर, वीजपुरवठ्यावर संशय घेऊन झाला. कारण वेगळंच होतं: फर्मवेअर बूटचा पर्याय सुरू करताना पाच मिनिटांचा वॉचडॉग टायमर लावतं, म्हणजे पर्याय अडकला तर मशीन सुटावं. शेल उघडताना स्वतःच तो बंद करतो, म्हणून तिथं कळत नव्हतं. सेट-वॉचडॉग-टायमरला शून्य दिलं की प्रश्न मिटतो. आपली पाटी एक-दोन मिनिटांत पुढच्याला वाट देणार असेल तर तो चालूच राहू द्या. अडकलेल्या मशीनला त्याचाच आधार असतो.

पॅनेल उभं असलेल्या काही टॅब्लेटवजा मशीनवर रुंदी ८०० आणि उंची १२८० अशी येते. फर्मवेअर चित्र फिरवून देत नाही. ठिपका लिहिणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये ओळ आणि स्तंभ फिरवून घ्या, बाकी प्रोग्रामला कळायचीही गरज नाही.

## विंडोजकडं सोपवणं

पाटी दाखवून झाली की खरा बूटलोडर सुरू करायचा. लोडेड-इमेज प्रोटोकॉलवरून आपण कोणत्या डिस्कवरून आलो ते हँडल मिळतं. त्यावर फाइल-डिव्हाइस-पाथनं मार्ग बनवा (विंडोजसाठी ‘ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट’ या फोल्डरातली बूटमॅनेजरची फाइल), मग लोड-इमेज, मग स्टार्ट-इमेज. पेनड्राइव्हवरून आला असाल तर विंडोज दुसऱ्या डिस्कवर आहे, म्हणून फाइल-सिस्टिमच्या सगळ्या हँडलांवर ती फाइल शोधावी लागते. लोड-इमेज फसलं तर काळा पडदा ठेवून परत फिरू नका. “डिस्क सापडली नाही, मेंटेनन्सला कळवा” अशी दुसरी पट्टी आधीच जोडून ठेवा.

विंडोजचा बूटलोडर आला की तो पडदा आपल्या पद्धतीनं पुसतो. तिथून आपली पाटी संपली. उत्पादकाचा लोगो पुढंही दिसत राहतो तो एसीपीआयच्या (फर्मवेअर कार्यप्रणालीला माहिती देतं त्या तक्त्यांच्या) संचातल्या बीजीआरटी तक्त्यामुळं, आणि तो तक्ता भरणं हे फर्मवेअर बनवणाऱ्याचं काम. स्वतःची कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांना मात्र एक सोय आहे: एक्झिट-बूट-सर्व्हिसेसनंतर ब्लिट चालत नाही, पण फ्रेमबफर तसाच राहतो. लिनक्सही स्वतःचा ग्राफिक्स ड्रायव्हर येईपर्यंत त्याच मेमरीवर लिहितं.

## पट्टी फाइलमध्ये

पाटी बसवली त्या रात्री मी मुद्दाम थांबलो. वीज घालवून परत दिली. पडद्यावर आलं, “थांबा. मशीन सुरू होत आहे. वीज बंद करू नका.” आबांनी वाचलं, हात बटणाकडं गेला नाही. मग म्हणाले, “‘होत आहे’ काय, सरकारी बोर्ड हाय व्हय? ‘होतंय’ लिवा की.”

बरोबर होतं त्यांचं. पण अ‍ॅरे प्रोग्रामच्या पोटात असल्यानं एका शब्दासाठी पुन्हा बिल्ड, पुन्हा सही. म्हणून पट्टी वेगळ्या फाइलमध्ये काढली. आपल्याच डिस्कच्या हँडलवर सिंपल-फाइल-सिस्टिम, त्यावर ओपन-व्हॉल्यूम, मग फाइल उघडून वाचायची. रचना अगदी साधी ठेवली: पहिले दोन बाइट रुंदी, पुढचे दोन उंची, आणि त्यानंतर शाईचे बाइट.

पीएनजी किंवा जेपीईजी थेट वाचायचा मोह होईल, तो टाळा. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या फर्मवेअर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘लोगोफेल’ नावानं दाखवून दिलं की फर्मवेअरमधल्या लोगो वाचणाऱ्या कोडमधल्याच चुका वापरून, मुद्दाम बिघडवलेल्या चित्राद्वारे मशीन ताब्यात घेता येतं. आपल्या फाइलवरही सही नसते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. रुंदी आणि उंची शून्याहून मोठी आणि पडद्याहून लहान आहे का, रुंदी × उंची + ४ हा आकडा वाचलेल्या बाइटांइतकाच भरतो का, हे तपासा, आणि गुणाकार ६४ बिटांत करा. यातलं काहीही चुकलं तर फाइल सोडून द्यायची आणि प्रोग्रामच्या पोटातली जुनी पट्टी दाखवायची.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर नवी फाइल नेली, जुनीच्या जागी ठेवली आणि मशीन चालू केलं. सोनेरी पट्टी तळापासून वर चढायला लागली आणि वर अक्षरं होती, “थांबा. मशीन सुरू होतंय. वीज बंद करू नका.”